पट्टे काढू नका

रंगारी पुष्कळ असतात हो, पण भिंतीवर पट्टे काढून द्या म्हटलं की त्यातल्या निम्म्यांना त्याच दिवशी ताप भरतो. सपाट रंग कुणीही फासेल. कुठे चुकलं तर वरून दुसरा हात मारला की चूक पोटात गेली. पट्ट्यांचं तसं नाही. एक पट्टा जरासा कलला की शेजारचा त्याची चहाडी करतो, आणि घरी आलेला पाहुणा गप्पा मारता मारता मान तिरकी करून भिंतीकडेच बघत बसतो.

त्या गावात पट्टे म्हटले की रेघमास्तर. शाळेत ते शिकवायला कधी गेले नव्हते, शिकायलाही जेमतेमच गेले होते. मास्तर ही पदवी त्यांना रंगाच्या दुकानदाराने दिली, आणि मग गावाने त्यांचं खरं नाव विसरूनच टाकलं. पद्धत त्यांची ठरलेली. ओळंबा सोडायचा, पेन्सिलीच्या बारीक खुणा करायच्या, खुणेवरून चिकटपट्टी लावायची, तिच्या कडेवरून आधी भिंतीचाच रंग फिरवून फटी बुजवायच्या, आणि मग पट्ट्याचा रंग. रंग अर्धाकच्चा असतानाच चिकटपट्टी तिरकी ओढून काढली की खालून अशी कड निघायची की बघणारा आपसूक ‘वा’ म्हणायचा. हे ‘वा’ मास्तरांना फार लागायचं. चिकटपट्टी काढायची वेळ झाली की ते घरच्या माणसांना हाका मारून गोळा करायचे, कुणी अंघोळीला गेलं असेल तर थांबायचे. माणूस सज्जन, व्यसन कसलं नाही, हे एवढं सोडून.

टेलरबाईंचं घर रंगवायला घेतलं तेव्हा हे ‘वा’ मास्तरांना दिवसातून दोनदा मिळत होतं. बाई घरीच शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, आणि येणाऱ्या जाणाऱ्या बायकांची वर्दळ. नवरा घड्याळजी. बाजाराच्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण वर्षभरापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात गेला, आणि दुकानाला कुलूप लागलं. आता ते शेजारच्या शहरात उपचार केंद्रात होते आणि थोड्याच दिवसांत घरी यायचे होते.

“मास्तर, भिंतींना आजारपणाचा वास येतोय,” बाई म्हणाल्या होत्या. “ते घरी यायच्या आत तो घालवा. उजेड वाटला पाहिजे घरात.”

मग मास्तरांनी पुढच्या खोलीत फिक्या पिवळ्यावर निळे उभे पट्टे काढले, बोळात स्पंजाने ढगाळ ठसे मारले, स्वयंपाकघरात ओट्यामागे पुसता येईल असा चकचकीत रंग दिला. बाई प्रत्येक वेळी मशीन सोडून उठायच्या, गळ्यात टेप तशीच, आणि म्हणायच्या, “वा मास्तर, हात आहे का काय!” हात या शब्दावर त्या घरात जरा थांबायला व्हायचं. मग त्याच सांगायच्या, “यांचाही येतोय हो परत. डॉक्टर म्हणतात, येतोय.”

राहिली होती मागची खोली. तिथे शिवायला आलेल्या कापडांच्या चवडी, कपाट, लटकवलेले कपडे, त्यामुळे मास्तरांनी ती नीट पाहिलीच नव्हती. आदल्या दिवशी सामान आवरून मास्तर निघाले तेव्हा बाई एका गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतत होत्या, तोंडात टाचण्या धरलेल्या. टाचण्यांच्या फटीतूनच त्या म्हणाल्या, “मी उद्या यांना भेटून येते. किल्ली शेजारी. आणि मास्तर, मागच्या खोलीत तेवढे पट्टे काढू नका हं. बाकी तुम्हाला हवं तसं करा.”

“बरं ताई,” म्हणून मास्तर गेले. पुढे सगळ्या गावात गाजली ती गोष्ट एवढ्याच वाक्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मागची खोली उघडली. बाईंनी रात्रीच सामान मधोमध ओढून वर चादर टाकून ठेवलं होतं. तीन भिंती मळकट, ओल धरलेल्या. आणि चौथ्या भिंतीवर पट्टे.

मास्तरांच्या तोंडून पहिल्यांदा “अरे देवा” निघालं. निळे पट्टे होते, दोन बोटं रुंद, माणसाचा हात पोचेल तिथून कमरेपर्यंत उतरलेले. डावीकडचा पहिला पट्टा कसला, गांडूळच ते. दुसरा त्याचा भाऊ. नंतरचे थोडे धडपडत, ठेचकाळत खाली आलेले. मधे कुठेतरी ते शांत व्हायला लागले होते. आणि खिडकीजवळचा, सगळ्यात शेवटचा पट्टा सरळ होता. मास्तरांनी जवळ जाऊन कडेवरून नख फिरवलं. चिकटपट्टी लावली की कडेला बारीकसा उंचवटा राहतो, तो लागेना. नुसत्या हाताने काढलेला होता.

कुणीतरी इथे हात बसवत होतं, आणि ते कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाईंचं वाक्य मास्तरांच्या कानात परत वाजलं. पट्टे काढू नका. आता आपल्या भाषेची गंमत बघा. चित्रही काढायचं आणि डागही काढायचा, दोन्ही कामं आपण एकाच शब्दावर भागवतो आणि कुणाचं काही अडत नाही. म्हणजे नवे काढू नका? की आहेत ते काढू नका? मास्तरांना दोन्ही अर्थ दिसले. अगदी समोरासमोर दिसले, हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. फोन खिशात होता. मीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारायलासुद्धा बायकोला फोन करणारा हा माणूस. त्यांनी फोन बाहेर काढला, बाईंचा नंबरही शोधला.

आणि परत त्यांची नजर त्या शेवटच्या पट्ट्यावर गेली. नुसत्या हाताने? वारं गेलेल्या हाताने?

मास्तरांनी चिकटपट्टीशिवाय शेवटचा पट्टा कधी काढला होता ते त्यांना आठवेना. शिकाऊ होते तेव्हा काढला असेल, आणि उस्तादाने कान पिळला असेल. तेव्हापासून ओळंबा आणि चिकटपट्टी. सगळं गाव रेघमास्तर म्हणतं, मग एक साधी रेघ येऊ नये? बघू तरी. शेजारी जागा आहे. आणि निळा रंगही तोच दिसतोय, घड्याळजी आले की म्हणतील, वा, मास्तरांनी आपल्या शेजारी एक काढून ठेवला. अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी फोन खिडकीत ठेवला आणि ब्रश बुडवला.

सुरुवात झकास झाली. छातीच्या उंचीपर्यंत रेघ अशी उतरली की मास्तर मनातल्या मनात स्वतःलाच ‘वा’ म्हणाले. आणि तेवढ्यात, त्या ‘वा’मुळे म्हणा की कशामुळे म्हणा, श्वास अडकला. हात बाजूला सरकला, सावरायला गेले तर उलट्या बाजूला गेला, ब्रशात रंग जास्त होता तो ओघळला. मास्तरांनी झटकन ओलं फडकं घेतलं आणि ओघळ पुसला. घाईत फडकं शेजारच्या पट्ट्यावरून फिरलं. घड्याळजींचा रंग साधा, पाण्यात कालवलेला, स्वस्तातला. तो फडक्याबरोबर उठून आला. सरळ पट्ट्याचा खालचा अर्धा भाग निळा डाग होऊन बसला.

आता फोन करून काय सांगणार? ताई, तुमचे पट्टे ठेवायचे ना, असं विचारायचं? आणि त्या हो म्हणाल्या तर?

  मग मास्तरांनी रोलर उचलला आणि ती सगळी भिंत, गांडुळापासून डागापर्यंत, फिक्या पिवळ्या रंगाने भरून टाकली. पहिल्या हाताखालून निळं डोकावत होतं. दुसरा हात मारला. तरी एका जागी सावली दिसत होती, तिथे तिसरा मारला. काढू नका म्हणाल्या होत्या, ते पुटपुटत होते. नाही काढले. काढू नका म्हणाल्या होत्या, म्हणून नाही काढले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे वाक्य त्यांचं चांगलं पाठ झालं.

बाई परतल्या त्या हसतच. पिशवी टेबलावर टाकून त्यांनी पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मास्तर, सोडतायत त्यांना! पुढच्या आठवड्यात घरी. आणि पहिला प्रश्न काय विचारावा माणसाने? माझी भिंत तशीच आहे ना गं? म्हटलं, कुणाची टाप आहे हात लावायची!” आणि बोलता बोलता त्या मागच्या खोलीच्या दारात पोचल्या.

तिथे त्या थबकल्या. मास्तर मागे उभे होते, फडक्याने कोरडे हात पुसत.

“पट्टे?” बाई म्हणाल्या.

“तुम्ही म्हणालात ना ताई, काढू नका. म्हणून सपाटच ठेवली.” वाक्य बरोबर तोंडातून बाहेर पडलं, एक अक्षर इकडचं तिकडे न होता.

बाई मधल्या सामानाच्या ढिगावरच बसल्या. त्यांचे ओठ एकदा हलले, ते वाक्य मनात म्हणून बघितल्यासारखे. मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “काढू नका. हो हो, मीच म्हणाले. पुसू नका म्हणाले असते तर जीभ झडली असती का माझी! तोंडात टाचण्या, आणि चालले शहाणपण शिकवायला.”

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, रोज एक रेघ ओढा. कागदावर ओढायला घड्याळजींना लाज वाटायची, शाळेतल्या मुलासारखं वाटायचं. म्हणून त्यांनी भिंत धरली. पहिला पट्टा काढला त्या दिवशी ब्रश फेकून दिला होता आणि संध्याकाळपर्यंत जेवले नव्हते. शेवटचा काढला तो केंद्रात जायच्या आदल्या दिवशी. तो काढून झाल्यावर म्हणाले, हा असाच राहू दे, परत आलो की याच्या शेजारी काढीन आणि मग दुकान उघडीन. दुकान उघडायचं की विकायचं, ते त्या पट्ट्यावर ठरायचं होतं.

“आता त्यांना काय सांगू?” बाई म्हणाल्या, आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच घाबरल्या. “अहो मास्तर, तुम्ही कशाला एवढे पांढरे पडता? तुमचा काय दोष? बसा बघू. चहा ठेवते.”

आणि मास्तर बसले. साखर जास्त घातलेला चहा बाईंनी त्यांच्या हातात दिला आणि मास्तर तो बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. असा चहा घशाखाली उतरतो कसा, हा प्रश्न त्यांना नंतर कितीतरी दिवस पडत राहिला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं ते असं: बाई म्हणाल्या काढू नका, मी समजलो काढू नका, आणि त्यांना म्हणायचं होतं काढू नका. बायको आधी खळखळून हसली, मग चुकचुकली. “बिचारी! आणि तुमच्यासारख्या सरळ माणसाच्या हातून व्हावं हे!” मास्तरांनी भाजी परत वाढून घेतली नाही. पोट भरलंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात कुणीतरी विचारलं, टेलरबाईंकडे काय झालं म्हणे? मास्तरांनी परत तेच सांगितलं. दुकानदाराला ती गोष्ट इतकी आवडली की येईल त्या गिऱ्हाइकाला डबा देता देता तो ती सांगायला लागला, वर टाचण्यांची नक्कलही करायला लागला. “काढू नका म्हणजे काढू नका, समजलं ना?” असं म्हणून लोक एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. रस्त्यात भेटतील ते मास्तरांच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “जाऊ द्या हो मास्तर, भाषाच तशी आहे आपली, तुम्ही काय करणार?” मास्तर मान डोलवायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपणच मारलेली थाप लोक आपल्याच पाठीवरून हात फिरवून परत देतात, तेव्हा ती कुठे ठेवावी ते कळत नाही.

एका घरात त्यांनी हिरवे पट्टे काढले, चिकटपट्टी ओढली, आणि कुणालाही हाक न मारता सामान भरलं. घरची म्हातारी म्हणाली, “मास्तर, बरं नाही का?” ते म्हणाले, बरं आहे. टेलरबाईंच्या गल्लीतून जायचं मात्र त्यांनी सोडलं. बाजारात जायला तो जवळचा रस्ता होता, पण ते लांबून वळसा घालून जायचे आणि बायकोला सांगायचे, चालणं तब्येतीला चांगलं.

घड्याळजी घरी आल्याचं कळलं ते बायकोकडूनच. ती कपडे शिवायला टाकायला गेली होती, ती परत आली ते तोंड लहान करून.

“अहो, काही बरं नाही चाललंय तिथे. त्यांनी भिंत बघितली आणि बाईंशी बोलणंच टाकलंय. बाई म्हणतात, मीच चुकीचं सांगितलं, माझीच जीभ काळी. तर ते म्हणाले, म्हणजे तुला ते पट्टे महत्त्वाचे वाटलेच नाहीत, नाहीतर माणूस नीट समोर उभं राहून, बोट दाखवून सांगतो, टाचण्या चघळत सांगत नाही. आता ते ब्रशही हातात धरत नाहीत. दुकान विकायला काढलंय. माणूसही बघून गेला म्हणे.”

मास्तरांनी पायातली चप्पल काढून परत घातली.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांचा संसार, तिला नवऱ्याच्या पाठीवरूनसुद्धा कळायचं. “एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्ही मीठ सापडलं नाही तर फोन करता. दुधाचं भांडं कुठलं म्हणून फोन करता. कुठल्या गिऱ्हाइकाने फिका म्हटलं तर किती फिका म्हणून तीनदा फोन करता. भिंतभर पट्टे समोर दिसत होते, आणि तुम्हाला एक फोन करावासा नाही वाटला?”

“वाटला,” मास्तर म्हणाले.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, चुकचुकलीही नाही. तिने त्यांची टोपी आणून हातात दिली. “मला सांगून काय उपयोग? जा तिकडे. आणि मधे चहाबिहा दिला तर पिऊ नका.”

टेलरबाईंच्या पुढच्या खोलीत मास्तरांचेच पट्टे लखलखत होते, एकाची कड दुसऱ्याला लाजवेल असे. त्या पट्ट्यांखाली खुर्चीत घड्याळजी बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून त्यावर डावा हात झाकलेला. बाई मशीनवर. दोघांच्या मधे कापायचं टेबल.

“मास्तर आलेत,” बाई मशीनकडे बघत म्हणाल्या. “मास्तर, त्यांना विचारा, चहा घेणार का.”

“मास्तर, तिला सांगा, मला नको,” घड्याळजी म्हणाले.

“मलाही नको ताई,” मास्तर म्हणाले. त्यांना उभ्यानेच बोलायचं होतं. “घड्याळजी, ताईंची काही चूक नाही. त्यांनी सांगितलं ते मला बरोबर कळलं होतं. दोन्ही अर्थ कळले होते. फोन हातात होता, मी केला नाही.”

मशीन थांबलं.

“का नाही केला?” घड्याळजींनी विचारलं.

“तुमचा शेवटचा पट्टा बघितला. चिकटपट्टी नव्हती त्याला. मला बघवेना. म्हटलं, आपल्यालाही येईल. तुमच्या शेजारी एक काढायला गेलो.” आता थांबण्यात अर्थ नव्हता. “वाकडा आला. ओघळला. पुसायला गेलो तर तुमचाही पुसला गेला. मग लाज वाटली, म्हणून सगळी भिंत झाकली आणि ताईंच्या शब्दावर ढकललं. मी चोर आहे तुमचा. दुकान विकू नका, एवढंच सांगायला आलो.”

 घड्याळजी खुर्चीतून जरा पुढे सरकले. “तुमचा वाकडा आला?”

“वाकडा आला.”

“माझ्या कुठल्या पट्ट्याइतका? पहिल्याइतका?”

“नाही, मधल्यांइतका. पण तुमच्या शेवटच्याच्या जवळपासही नाही. छातीपर्यंत ठीक होता, मग श्वास अडकला.”

“अडकणारच!” घड्याळजींनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. “तिथेच अडकतो! मला किती दिवस लागले ते कळायला. श्वास सोडत सोडत खाली यायचं, मास्तर, धरून ठेवायचा नाही.” आणि ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, डोळे भरून येईपर्यंत. “रेघमास्तरांचा वाकडा आला! अहो, हे आधी का नाही सांगितलंत? मी इथे बसून समजत होतो की तो पट्टा एवढा फालतू होता की रंगाऱ्याला पट्टा आहे हेसुद्धा कळलं नाही. दिसलाच नाही त्याला. डाग समजला असेल, म्हटलं.” ते टेकू घेत उठले, उजवा हात वर करून त्यांनी बोटं उघडली, मिटली. “अगं, माझा ब्रश कुठे ठेवलास? आणि तो निळा डबा?”

किती दिवसांनी ते बायकोशी सरळ बोलले होते, आणि उत्तराची वाट न बघता आत गेलेसुद्धा. मास्तरांनाही हसू यायला लागलं. त्यांनी बाईंकडे बघितलं.

बाई हसत नव्हत्या. त्या मशीनमागून उठल्या आणि टेबलाला वळसा घालून मास्तरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही माझ्याकडे चहा प्यायलात,” त्या म्हणाल्या.

“ताई—”

“मी रडत होते आणि तुम्ही बसून चहा प्यायलात. मी तुम्हाला म्हटलं, तुमचा काय दोष. मीच समजूत घातली तुमची. रोज रात्री ते वाक्य मी स्वतःला म्हणून बघतेय मास्तर. तोंडात काही न धरता म्हणून बघतेय. बाजारात गेले तर दुकानदार माझ्या देखत टाचण्यांची नक्कल करतो, आणि मी हसते. कारण मला वाटायचं, हसण्यासारखीच आहे मी. यांना मी म्हटलं, मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. घेतलं ऐकून.” आवाज चढलेला नव्हता. “एवढे दिवस तुम्ही गावात फिरत होतात. या गल्लीत काही यायला रस्ता नव्हता का?”

मास्तरांनी तोंड उघडलं. चुकलो म्हणायचं होतं, पण ते मघाशी घड्याळजींना म्हणून झालं होतं, आणि बाईंसाठी वेगळं काही त्यांनी घरून आणलंच नव्हतं. ही गोष्ट त्यांना आत्ता, इथे, बाईंसमोर उभं असताना कळली.

आतल्या खोलीतून कपाटं उघडल्याचा आवाज येत होता. “सापडला!” घड्याळजी ओरडले. “मास्तर, उद्या या हो! उद्या संध्याकाळी! तुमच्यासमोर काढतो, या बघायला!”

“येतो ताई,” मास्तर कसेबसे म्हणाले आणि दाराकडे वळले.

निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही. भांडण झालेलं असलं, तोंड बघायची इच्छा नसली, तरी जिभेला सवय असते, ‘या’च निघतं. टेलरबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी दार उघडून धरलं आणि मास्तर उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत वाट बघितली.

“जा,” त्या म्हणाल्या.